मगरीबपर्यंत निखारे तयार हवेत

अर्जेंटिनात मांस भाजणाऱ्या माणसासाठी टाळ्या वाजवतात. रविवारी दुपारी अंगणात किंवा गच्चीवर सगळे घर जमते, पहिली ताटे भरली की कुणीतरी ओरडते, ‘आसादोरसाठी टाळ्या!’ आणि सगळे टेबल वाजू लागते. आसादोर म्हणजे भाजणारा. दोन-तीन तास तो निखाऱ्याजवळ उभा असतो, वास घेतो, धूर सोसतो आणि बहुतेक वेळा सर्वांत शेवटी बसतो. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला इफ्तारआधीचे आमचे स्वयंपाकघर आठवले. रोजा असताना कढईपुढे उभे राहून साऱ्या घराची भजी तळणारी अम्मी दिसली. तिच्यासाठी आम्ही कधी टाळ्या वाजवल्याचे आठवत नाही.

तेव्हापासून एक रमजान तरी आसादो करून पाहायचा असे डोक्यात होते. आसादो हे पदार्थाचेही नाव आहे आणि त्या बैठकीचेही. लोखंडी जाळी, तिला तिकडे ‘पारिशा’ म्हणतात, तिच्याखाली लाकडाचे किंवा कोळशाचे निखारे, वर मांस आणि मांसावर जाडे मीठ. बस्स. आले नाही, दही नाही, गरम मसाला नाही. आपल्याकडे मांस आदल्या रात्री मुरवले नाही तर आळशीपणा समजतात. तिकडे मुरवले तर मांसात काही खोट असावी अशी शंका घेतात. त्यांचा सगळा मसाला म्हणजे मंद आच आणि वेळ. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली गुरे पांपाच्या गवताळ मैदानात मोकाट वाढली, त्यांच्या मागे फिरणारे गाउचो म्हणजे घोडेस्वार गुराखी जमिनीत सळई रोवून मांस भाजू लागले, तिथून ही रीत आली. आजही तिथे माणशी वर्षाला सुमारे 50 किलो गोमांस खाल्ले जाते. एका कटाचे नावच ‘मातांब्रे’ आहे, म्हणजे ‘भूक मारणारा’. रोजेदाराला हे नाव दुपारी तीन वाजता सांगू नये.

आता प्रश्न असा, की या देशात मुसलमान काय करतो? कारण अर्जेंटिनात मुसलमान आहेत आणि ते काल-परवा आलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उस्मानी साम्राज्यातल्या सीरिया-लेबनॉनमधून हजारो लोक ब्युनोस आयर्सच्या बंदरात उतरले. त्यांतले बरेचसे ख्रिस्ती होते, काही मुसलमान. पासपोर्ट उस्मानी, म्हणून स्थानिकांनी सगळ्यांना सरसकट ‘तुर्को’ म्हटले, आणि ते नाव अजून चिकटून आहे. यांनी खांद्यावर गाठोडी घेऊन गावोगाव कापड, सुया-दोरे विकले, मग दुकाने काढली. अशाच एका सीरियन मुस्लिम कुटुंबातले कार्लोस मेनेम 1989 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधी ते कॅथलिक झालेले होते. राष्ट्राध्यक्ष कॅथलिकच हवा ही राज्यघटनेतली अट 1994 च्या दुरुस्तीपर्यंत होती. त्यांच्याच काळात दिलेल्या जमिनीवर पालेर्मो भागात किंग फहद इस्लामी केंद्र उभे राहिले आणि 2000 मध्ये खुले झाले. लॅटिन अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या मशिदींपैकी ती एक आहे.

तिथला रमजान ऋतूंच्या बाबतीत आपल्या उलटा चालतो. 2016 मध्ये आपण जून महिन्यात साडेचौदा तासांचा रोजा धरत होतो, तेव्हा ब्युनोस आयर्समध्ये थंडी होती आणि रोजा बारा तासांच्या आत संपत होता. 2025 चा रमजान मार्चमध्ये आला, तेव्हा तिथे उन्हाळा सरत होता आणि सुरुवातीला मगरीब सव्वासातच्या पुढे होती. अंगणात जाळी पेटवायला याहून चांगली वेळ नाही.

पण जाळीवर ठेवायचे काय? देश गोमांसाचा, तिथले कारखाने मुस्लिम देशांसाठी हलाल पद्धतीने जिबह करून मांस निर्यातही करतात. पण गल्लीतल्या खाटकाकडे ते मिळेलच असे नाही. ते मिळवले तरी खरी अडचण आसादोच्या पहिल्या घासाला येते. जाळीवरून सर्वांत आधी उतरतो तो चोरिसो. उभा चिरून पावात घातला की त्याचा चोरिपान होतो आणि फुटबॉलच्या मैदानाबाहेर आपल्याकडच्या वडापावसारखा तो हातोहात जातो. हा चोरिसो साधारणपणे गाय आणि डुक्कर यांचे मांस मिसळून करतात, वर पुष्कळदा वाइनचा शिपका, आणि भरायला डुकराचे आतडे. एका वीतभर वस्तूत तीन हराम गोष्टी. शेजारी मोर्सिशा असते, ती तर रक्ताचीच. म्हणजे नव्याने इस्लाम स्वीकारलेला एखादा अर्जेंटिनी मुलगा रविवारी आईच्या घरी गेला, की पहिल्याच ताटाला त्याला हात आखडावा लागतो, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघावे लागते. ‘थोडे खा, काही होत नाही’ हे वाक्य स्पॅनिशमध्येही असणारच.

चोरिसोने माणसाला असे कोपऱ्यात उभे करणे नवे नाही. 1492 मध्ये ग्रॅनाडा पडले. 1502 मध्ये कॅस्टिलच्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा की देशत्याग असा पर्याय ठेवला गेला. जे ख्रिस्ती होऊन राहिले त्यांच्यावर, म्हणजे मोरिस्कोंवर, इन्क्विझिशनची नजर असे, आणि डुकराचे मांस व दारू टाळणे हा संशयाला पुरेसा आधार होता. 1609 पासून त्यांना देशाबाहेर काढले गेले. पोर्तुगालात ‘आल्हैरा’ नावाचा सॉसेज आहे. छुप्या ज्यूंनी पक्ष्यांचे मांस आणि पाव भरून तो केला, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावे यांच्याकडेही डुकराचाच टांगलेला आहे, अशी त्याची परंपरागत गोष्ट सांगतात. आपल्या गोव्याचा शोरीस याच घराण्यातला, पोर्तुगीजांबरोबर आलेला, इथे व्हिनेगर आणि लाल मिरची पिऊन तिखट झालेला. अर्जेंटिनाचा भाऊ मात्र वाळवलेला किंवा धुरी दिलेला नसतो. तो ताजा असतो, कच्चा विकत घ्यायचा आणि निखाऱ्यावर शिजवायचा. म्हणूनच तो घरी करता येतो, आणि घरी केला की त्यात काय घालायचे ते आपण ठरवतो. उत्तर आफ्रिकेच्या मुसलमानांनी आपला मर्गेझ असाच मेंढीचा आणि गाईचा केला.

मी तो बोकडाच्या मटणाचा केला. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या राज्यात 2015 पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, तेव्हा पांपाच्या गाईची स्वप्ने इथल्या ताटात पाहू नयेत. कायद्याने म्हशीचे मांस चालते आणि बोकड तर आहेच. बोकडाला दुय्यम मानण्याचे कारण नाही. मेंदोसा प्रांतातल्या मालार्गुए गावात आणि उत्तर नेउकेनच्या डोंगराळ भागात कोवळ्या बोकडाचा, ‘चिवितो’चा आसादो हाच मानाचा समजतात. मालार्गुएत तर बोकडाचा राष्ट्रीय उत्सव भरतो. गाईशिवाय आसादो होत नाही असे म्हणणाऱ्याला हे सांगावे.

चोरिसोसाठी सातशे ग्रॅम दस्ताचे मटण आणि तीनशे ग्रॅम चरबी एकत्र जाडसर खिमा करून घ्या. कोरड्या खिम्याचा चोरिसो भुसा होतो, चरबीला घाबरू नका. एक किलोला अठरा ग्रॅम मीठ, आणि ते वजन करूनच. रोज्यात जिभेवर चाखून थुंकायची मुभा गरजेपुरती आहे, पण कच्चा खिमा तसाही कुणी चाखत नाही. काटा असला की प्रश्नच मिटतो. पाच पाकळ्या लसूण ठेचून, चमचाभर मिरपूड, दोन चमचे काश्मिरी मिरची, एक चमचा ओरेगानो आणि किसलेले थोडे जायफळ. वाइनऐवजी दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि अर्धी वाटी बर्फाचे पाणी. व्हिनेगर उसाचे किंवा साधे घ्या. वाइनपासून केलेल्या व्हिनेगरवर हनफी आणि शाफई उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि आपल्या कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत, तेव्हा दस्तरखानावर वाद कशाला. हे सगळे हाताने इतके मळा की तळहात उलटा केला तरी गोळा चिकटून राहील. रात्रभर फ्रीजमध्ये.

भरायला खाटकाकडून बोकडाचे बारीक आतडे स्वच्छ करून मागता येते. आमचे चाचा आधी हसले, मग म्हणाले, ‘एवढी वर्षे फेकत होतो, सांगितले असते तर ठेवली असती.’ मिठाने चोळून, व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून नरसाळ्याने भरायचे. ते नको असेल तर सरळ वळून, चांगले गार करून मासे भाजायच्या दुहेरी जाळीत ठेवा. आतडे असेल तर अर्धा-पाऊण तास, नसेल तर वीस मिनिटे. आच मंदच हवी. मोठ्या आचेवर पहिल्यांदा माझे सगळे फुटले, चरबी निखाऱ्यात गळली, ज्वाळा उठल्या आणि बाहेरून कोळसा, आतून कच्चे असे प्रकरण झाले. ते मी एकट्याने खाल्ले.

स्टेकसाठी म्हशीचा अंडरकट मागा. इतर भाग इथे बहुधा म्हाताऱ्या जनावराचा, चिवट. चार बोटे जाडीचे तुकडे, फ्रीजबाहेर अर्धा तास, आणि जाळीवर टाकताना खडे मीठ भरडून. जाळीच्या उंचीवर हात धरा. तीन आकडे मोजेपर्यंत चटका बसला तर आच स्टेकची, सहा मोजता आले तर चोरिसोची आणि बरगड्यांची. स्टेक एकदाच उलटायचा, वरच्या बाजूला लाल पाणी दिसू लागले की. या लाल पाण्यावरून घरात गोंधळ होतो, म्हणून सांगतो, ते रक्त नव्हे, मांसातलेच रंगीत पाणी आहे. कुरआनात सूरह अनआममध्ये मना केले आहे ते वाहते रक्त, आणि ते जिबह करतानाच निघून जाते. तरीही ज्यांना बघवत नाही त्यांच्यासाठी आणखी पाच मिनिटे ठेवा. आमच्या घरी सगळ्यांसाठी ठेवावे लागले. उतरवल्यावर पाच मिनिटे हात लावू नका, मग आडवे कापा.

बरगड्या कोवळ्या बोकडाच्या घ्या, हाडाची बाजू खाली ठेवून तासभर मंद आचेवर सोडून द्या, आणि मधून मधून मीठ-लसणाचे पाणी शिंपडा. वेळेचा दोन-तृतीयांश भाग हाडाच्या बाजूला द्यायचा. उलटण्याची घाई सगळ्यांनाच होते.

सोबत चिमिचुर्री आदल्या रात्रीच करून ठेवा. पार्सली, लसूण, ओरेगानो, भरड लाल मिरची, तेल, व्हिनेगर, मीठ. पार्सलीऐवजी कोथिंबीर घातली तर चव चांगली होते, पण ती आपली चटणी झाली, चिमिचुर्री नव्हे. ओरेगानोसाठी पिझ्झाबरोबर येणाऱ्या आणि खणात साठलेल्या पुड्या उपयोगी पडतात.

असरच्या नमाजेनंतर कोळसा पेटवला तर मगरीबपर्यंत निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर चढतो. बरगड्या करायच्या असतील तर असरच्या आधीच पेटवा. रॉकेल वापरू नका, वास मांसात उतरतो. शेगडी गच्चीवर किंवा अंगणातच, बंद खोलीत कधीच नाही, कोळशाचा विषारी वायू कळत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बिडाचा तवा कडकडीत तापवावा. तव्यावरचा स्टेकही अर्जेंटिनात रोजच्या जेवणात असतो. धुराची काळजी वाटत असेल तर, आपसूक नाकात गेलेल्या धुराने रोजा तुटत नाही, मुद्दाम ओढला तर तुटतो. वासाबद्दल मात्र कुठलीच सवलत नाही.

अजान झाली. खजूर, पाणी, नमाज, आणि तोवर चोरिसो जाळीच्या कडेला. परत आल्यावर ब्रून पाव चिरून त्यात एकेक चोरिसो, वर चिमिचुर्री. मांसाचे ताट त्यानंतर, आणि लहानच. तरावीहमध्ये डुलक्या काढणाऱ्यांची संख्या वाढवायची नाही. शेजारचे दोघे आले होते. मटणाचा आहे, खाटीक ओळखीचा आहे, वाइन नाही, हे सांगितल्यावर त्यांनी दुसरा पाव मागितला. बोकडाची चरबी गार झाली की ओठांना चिकटते, त्यामुळे कुणीच गप्पा मारत बसले नाही, हे बरेच झाले.

मी मुलांना टाळ्यांची रीत आधीच सांगून ठेवली होती. त्यांनी वाजवल्या, अम्मीकडे बघून. ती जाळीपाशी गेलीही नव्हती. तिने विचारले, ‘कांदा-लिंबू कुठे आहे?’ आणि उठून स्वतःच कापायला गेली.