बेचाळीस दिवसांनंतर

माणसाची पहिली ओळख त्याच्या चेहऱ्याने होते. हात मोडला तर आपण त्याला गळ्यात बांधून हिंडतो, पाय मुरगळला तर लंगडतो आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. चेहऱ्याला जखम झाली की मात्र ती जगाच्या डोळ्यांसमोर राहते. गेल्या दिवाळीत भुईनळा फुटून माझ्या धाकट्या भावाचा गाल आणि भुवई भाजली. जखम महिन्याभरात भरली. पण स्वारी शाळेत जायला काही केल्या तयार होईना. ‘सगळे बघतात,’ एवढेच तो म्हणे. त्याच दिवसांत निकी लाउडा या मोटार-शर्यतपटूची हकिकत माझ्या वाचनात आली. तीच येथे थोडक्यात सांगणार आहे.

लाउडा मूळचा ऑस्ट्रियाचा. १९७५ साली फेरारी गाडी चालवून तो फॉर्म्युला वन शर्यतींचा विश्वविजेता झाला. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९७६ रोजी, पश्चिम जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथे शर्यत होती. हा मार्ग आयफेल डोंगरातील जंगलातून जाणारा, सुमारे २२.८ किलोमीटर लांबीचा आणि वळणावळणांचा. एवढ्या लांब मार्गावर अपघातस्थळी मदत वेळेवर पोचणे कठीण, म्हणून येथे शर्यत होऊ नये असे लाउडाचे मत होते. पण बहुसंख्य चालकांनी ते मानले नाही.

दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी मार्ग सोडून कडेच्या बांधावर आदळली, पेटली आणि उलट फिरून पुन्हा रस्त्यावर आली. मागून येणारी गाडी तिच्यावर धडकली. लाउडाचे शिरस्त्राण निघून गेले होते. त्याला बाहेर काढले ते मर्झारिओ, लंगर, एडवर्ड्स आणि एर्टल या चार चालकांनी, म्हणजे त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनीच! ज्यांच्याशी सेकंदासेकंदाचा झगडा, तेच आगीत शिरले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पाहणाऱ्याला दिसते ती भाजलेली कातडी. पण लाउडाच्या जिवावर बेतले ते श्वासाबरोबर आत गेलेल्या तप्त, विषारी वायूंमुळे. फुप्फुसे होरपळली होती. इस्पितळात धर्मगुरूंनी अंतिम संस्काराचे मंत्रही म्हटले. उजव्या कानाचा बराच भाग गेला, डोक्याची व कपाळाची त्वचा जळाली, पापण्या जळाल्या.

पापण्यांचे महत्त्व आपल्याला एरवी जाणवत नाही. भाजलेली त्वचा भरून येताना आकसते. पापणी आकसली की डोळा पुरता मिटत नाही आणि न मिटणारा डोळा कोरडा पडून निकामी होऊ शकतो. ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने गाडी हाकणाऱ्याचे सारे भांडवल म्हणजे नजर. १९७२ साली फ्रान्समधील शर्यतीत हेल्मुट मार्को या चालकाच्या डोळ्यात उडालेला दगड शिरला आणि त्याची शर्यतीची कारकीर्द तेथेच संपली. म्हणून लाउडाने शस्त्रक्रिया करून घेतली ती मुख्यतः पापण्यांसाठी. रूप सुधारण्याच्या भानगडीत तो पडला नाही. डोक्यावर मात्र त्याने एक लाल टोपी चढवली आणि पुढे त्याच टोपीवरची जागा जाहिरातदारांना विकली!

१२ सप्टेंबर १९७६ रोजी, म्हणजे अपघातानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी, इटलीतील मोंझा येथे तो पुन्हा गाडीत बसला. मधल्या काळात त्याच्या फक्त दोन शर्यती हुकल्या होत्या. जखमा अजून ओल्या होत्या. शिरस्त्राण उतरवताना आतील पट्ट्या रक्ताने भिजलेल्या असत. तरीही तो चौथा आला. आपण भीतीवर चटकन मात केली, असे त्याने त्या वेळी सर्वांना सांगितले. पुढे आत्मचरित्रात मात्र त्याने कबूल केले की ते खोटे होते; पहिल्या दिवशी सराव करताना भीतीने त्याचे अंग ताठले होते. दुसऱ्या दिवशी त्याने वेगाचा हट्ट सोडला आणि सावकाश सुरुवात केली. मला वाटते, सारे मर्म येथेच आहे. भीती हुकमाने जात नाही. ती असतानाच थोडे थोडे काम करावे लागते.

त्या वर्षीची शेवटची शर्यत २४ ऑक्टोबरला जपानमधील फुजी येथे मुसळधार पावसात झाली. विश्वविजेतेपद हाताशी असताना लाउडाने दोन फेऱ्यांनंतर गाडी थांबवली. इंजिन बिघडले असे जाहीर करू, असे त्याच्या संघातील तंत्रज्ञांनी सुचवले. त्याने नकार दिला. अशा पावसात गाडी चालवणे वेडेपणाचे आहे, हेच त्याने खरे कारण सांगितले. जेम्स हंट तिसरा आला आणि ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणाने विजेता ठरला. मोंझाचे धैर्य सर्वांना दिसते. फुजीचे धैर्य मला अधिक मोठे वाटते.

लाउडा १९७७ साली आणि पुन्हा १९८४ साली विश्वविजेता झाला. दुसऱ्या वेळी तर केवळ अर्ध्या गुणाने. २०१९ साली त्याचे निधन झाले. न्यूर्बुर्गरिंगच्या त्या जुन्या लांब मार्गावर १९७६ नंतर फॉर्म्युला वनची शर्यत झाली नाही. २५ जुलै २००९ रोजी हंगेरीत फेलिपे मासा याच्या शिरस्त्राणावर पुढच्या गाडीतून निखळलेली स्प्रिंग आदळली आणि डाव्या डोळ्यावरचे कवटीचे हाड मोडले. तोही २०१० च्या पहिल्याच शर्यतीत परतला आणि दुसरा आला. त्यानंतर शिरस्त्राणाच्या काचेवर बळकट पट्टी बसवणे सक्तीचे झाले. एकाच्या जखमेतून इतरांचे रक्षण होते, ते असे.

ही हकिकत मी भावाला सांगितली. विजेतेपदांत त्याला रस नव्हता. त्याने एवढेच विचारले, ‘त्याला भीती वाटली होती का?’ मी म्हटले, ‘हो, खूप.’ पुढच्या सोमवारी तो शाळेत गेला. मधल्या सुट्टीपर्यंतच थांबला; पण गेला.