मंडूसी : गव्हातील तण आणि निकामी ठरलेली तणनाशके

मंडूसी हे गव्हाच्या पिकात उगवणारे एकवर्षायू गवत आहे. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. हरियाणात त्याला मंडूसी किंवा कनकी म्हणतात, पंजाबात गुल्ली डंडा आणि उत्तर प्रदेशात काही भागांत चक्क ‘गेहूं का मामा’. ओंबी बाहेर पडेपर्यंत ते इतके गव्हासारखे दिसते की खुरपणीला बसलेल्या बाईच्या हातून गव्हाचेच रोप उपटले जाण्याची शक्यता अधिक. कोवळ्या रोपाच्या बुडाशी असलेली तांबूस-जांभळी छटा ही त्याची ओळख, पण ती सरावलेल्या डोळ्यालाच दिसते. फेब्रुवारीत त्याची आखूड, गोलसर ओंबी वर आली की ओळखायला अडचण राहत नाही. तोवर मात्र खत, पाणी आणि ऊन यांचा मोठा वाटा त्याने उचललेला असतो. मध्यम प्रादुर्भावातही उत्पन्न चतुर्थांशाने ते निम्म्याने घटते. चौरस मीटरमागे दोन-तीन हजार रोपे असली, तर पीक कापण्यात अर्थच उरत नाही.

हे गवत मूळचे भूमध्य सागराच्या परिसरातले. 1966 साली मेक्सिकोतून आलेल्या 18 हजार टन बुटक्या गव्हाच्या बियाण्याबरोबर ते भारतात शिरले, असा समज उत्तरेत घट्ट आहे. महाराष्ट्रात गाजरगवताचे खापर अमेरिकेच्या मदतीच्या गव्हावर फोडतात, तसेच हे. मात्र ब्रिटिश काळातल्या वनस्पतींच्या नोंदींत, 1896 सालच्या हूकरच्या ग्रंथातही, मंडूसी आहे. बियाण्यातून आणखी दाणे आले असतीलही. पण शतकभर शेताच्या कडेला पडून राहिलेले गवत एकाएकी माजले, याचे कारण बियाण्यापेक्षा बदललेल्या शेतीत सापडते.

जुना देशी गहू उंच वाढायचा आणि आपल्या सावलीत तण दडपायचा. नवा गहू बुटका, खतपाण्यावर पोसणारा. त्याच्या शेतात मंडूसीला ऊन मिळाले, ओल मिळाली आणि युरियाही मिळाला. त्यात पंजाब-हरियाणात भाताची भर पडली. पूर्वी जिथे बाजरी, मका, हरभरा होता, तिथे पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात गहू हे चक्र बसले. चिखलणी करून महिनोन्महिने पाणी साठवलेल्या खाचरात रान ओटासारख्या तणांचे बी कुजते. मंडूसीचे बी मात्र टिकते. प्रतिस्पर्धी बुडून मेले आणि भात निघाल्यावरच्या ओलसर, घट्ट जमिनीत मंडूसीला मोकळे रान मिळाले. कापूस किंवा बाजरीनंतर गहू घेणाऱ्या कोरड्या भागांत आजही रान ओट अधिक त्रास देतो. भाताच्या पट्ट्यात मंडूसी. पिकांची जोडी बदलली की तणही बदलते, याचा इतका ढळढळीत पुरावा क्वचितच मिळतो.

यावर 1970च्या दशकाच्या अखेरीस आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आले. ते स्वस्त होते, मंडूसीबरोबर काही रुंद पानांची तणेही मारायचे आणि वापरायला सोपे होते. इतके सोपे, की पुष्कळ शेतकरी फवारणीच्या भानगडीत न पडता ते वाळूत किंवा युरियात कालवून हातानेच फेकत. त्यामुळे कुठे दुप्पट पडे, कुठे जेमतेम. कमी मात्रा मिळालेली रोपे जगत आणि बी धरत. दहा-पंधरा वर्षे त्याच शेतात, त्याच महिन्यात, त्याच दोन पिकांच्या चक्रात तेच औषध पडत राहिले.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणातून औषध लागू पडत नसल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. पहिला संशय साहजिकच भेसळीवर गेला. हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठातील आर. के. मलिक आणि समुंदर सिंह यांनी ठिकठिकाणचे मंडूसीचे बी गोळा करून कुंड्यांत लावले, औषधाच्या वाढत्या मात्रा दिल्या आणि दोष डब्यातल्या औषधाचा नसून गवतच बदलले आहे हे दाखवले. काही शेतांतली मंडूसी शिफारशीच्या कित्येक पट मात्रेलाही दाद देत नव्हती. 1993-94च्या हंगामात तर अनेक शेतकऱ्यांना हिरवा गहू कापून जनावरांपुढे टाकावा लागला. ऊस, भाजीपाला, बरसीम यांची फेरपालट करणाऱ्या गावांत मात्र प्रतिकारक्षम मंडूसी बरीच कमी आढळली.

तणनाशकामुळे तणात प्रतिकारशक्ती ‘तयार होते’ असे बोलले जाते, ते नेमके नाही. लाखो रोपांत एखादे रोप जन्मतःच वेगळे असते. औषध बाकीच्यांना मारते आणि त्या एकट्यासाठी शेत मोकळे करून देते. एका झाडापासून शेकडो बिया. पाच-सहा हंगामांत त्याचीच पिलावळ शेतभर. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सिमाझीन या तणनाशकाला न जुमानणारे तण 1970 साली नोंदवले गेले, तेव्हापासून जगभर हेच घडत आले आहे. ऑस्ट्रेलियाच्या गव्हातले रायगवत आणि इंग्लंडमधले ब्लॅकग्रास ही त्याची सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरणे.

मंडूसीने प्रतिकाराचा जो मार्ग धरला तो विशेष त्रासदायक ठरला. आयसोप्रोट्युरॉन पानातील प्रकाशसंश्लेषण थांबवते. गव्हाला त्याने इजा होत नाही, कारण गव्हाच्या पेशींतील सायटोक्रोम पी-450 नावाची विकरे ते औषध वेगाने मोडून निरुपद्रवी करतात. प्रतिकारक्षम मंडूसीही हेच करते. ही विकरे रोखणारी रसायने सोबत दिल्यावर तीच मंडूसी पुन्हा मरते, असे प्रयोगांत दिसले. म्हणजे दिसण्यात गव्हाची नक्कल करणारे गवत आता पचनातही गव्हासारखे झाले होते. औषध जिथे जाऊन बसते तेवढी एक जागा बदललेली असती, तर वेगळ्या जागी घाव घालणारे दुसरे औषध पुरले असते. औषध मोडण्याची क्षमता मात्र त्या तणाने कधी न पाहिलेल्या औषधालाही लागू पडू शकते.

पुढे नेमके तेच झाले. 1997-98च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप आणि सल्फोसल्फ्युरॉन ही पर्यायी औषधे आली. नंतर पिनोक्साडेन, मेसोसल्फ्युरॉन आणि आयोडोसल्फ्युरॉनचे मिश्रण आले. काही वर्षे गहू पुन्हा स्वच्छ दिसला. दहाएक वर्षांत त्यांच्याही तक्रारी सुरू झाल्या आणि तीन वेगवेगळ्या गटांतील औषधांना एकाच वेळी पुरून उरणारी मंडूसी पंजाब-हरियाणात सापडू लागली. औषध बदलले होते, शेत तेच होते. नव्या बाटलीची वाट पाहणे हाच उपाय मानणाऱ्यांना या इतिहासाने फारसा आधार दिलेला नाही.

म्हणून लक्ष पुन्हा पेरणीच्या तारखेकडे आणि जमिनीच्या मशागतीकडे वळले. मंडूसी साधारण 10 ते 20 अंश सेल्सियस तापमानात जोमाने उगवते. ऑक्टोबरच्या अखेरीस जमीन तिच्या मानाने उबदार असते. तेव्हा पेरलेला गहू आधी उगवून जमीन झाकतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरले, तर दोघे जोडीने उगवतात. पण वेळेवर पेरणीसाठी शेत वेळेवर रिकामे हवे आणि गाडे तिथेच अडते. भूजल वाचवण्यासाठी पंजाब आणि हरियाणाने 2009 साली कायदे करून भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. कायद्यामागचा हेतू रास्त होता. परिणामी भात उशिरा निघू लागला आणि कापणी ते पेरणी यांमधले दिवस आणखी आक्रसले. घाईत काड पेटवले जाते. त्या धुराची चर्चा दिल्लीपर्यंत पोहोचते, शेतात उरलेल्या राखेची होत नाही. ही राख पेंडीमेथालिनसारखी उगवणीपूर्व तणनाशके शोषून घेते आणि त्यांचा परिणाम कमी करते.

या कोंडीतून एक चांगली वाट शून्य मशागतीने दाखवली. मंडूसीच्या हजार बियांचे वजन जेमतेम दोन ग्रॅम. इतके बारीक बी जमिनीच्या वरच्या काही सेंटिमीटरच्या थरातूनच उगवू शकते. नांगर, रोटाव्हेटर फिरवला की खालचे बी वर येते आणि नवी उगवण होते. जमीन न हलवता थेट पेरले की ते खालीच राहते. शिवाय मशागतीचे आठ-दहा दिवस आणि डिझेल वाचते. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात हरियाणातील शेतकऱ्यांनी ही पद्धत मुख्यतः मंडूसीच्या धास्तीने स्वीकारली, पर्यावरणाचा विचार नंतरचा. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने विकसित झालेले हॅपी सीडर यंत्र त्याच्याही पुढे जाते: उभे धसकट आणि पसरलेले काड न जाळता त्यातूनच गहू पेरते. काडाच्या आच्छादनाखाली ओल टिकते आणि मंडूसीची उगवण दबते. यंत्र महाग, ते ओढायला दणकट ट्रॅक्टर लागतो आणि आच्छादनातल्या उंदरांची तक्रारही असते, त्यामुळे प्रसार अपेक्षेइतका झाला नाही.

फेरपालट हा सर्वांत खात्रीचा उपाय आणि आर्थिकदृष्ट्या सर्वांत अवघड. दोन-तीन वर्षे गव्हाऐवजी बरसीम घेतला, तर चाऱ्याच्या प्रत्येक कापणीबरोबर मंडूसीही बी धरण्याआधी कापली जाते. ऊस, बटाटा, सूर्यफूल, मोहरी यांनीही तिचे चक्र मोडते. पण भात आणि गव्हाला हमीभावाने सरकारी खरेदी आहे, बटाट्याला नाही. हमीभावाचे एवढे वजन असताना केवळ तणासाठी पीक बदला, असे सांगणे सोपे आणि ऐकणे कठीण.

रासायनिक उपाय बाद झालेले नाहीत, त्यांची रीत बदलली आहे. पेरणीनंतर लगेच उगवणीपूर्व औषध आणि पहिल्या पाण्यानंतर, म्हणजे पेरणीपासून साधारण 30 ते 35 दिवसांनी, जमिनीला वाफसा आल्यावर दुसऱ्या गटातील औषध, असा दुहेरी क्रम आता सुचवला जातो. पायरोक्सासल्फोन हे अलीकडचे औषध आयसोप्रोट्युरॉनपेक्षा अगदी वेगळ्या पद्धतीने काम करते, म्हणून ते उपयोगी पडते. सपाट पंख्यासारखी फवार देणारे नोझल, पुरेसे पाणी आणि पूर्ण मात्रा या साध्या गोष्टींवर निकालाचा निम्मा भार असतो. सल्फोसल्फ्युरॉनसारखी काही औषधे जमिनीत रेंगाळतात आणि पुढच्या ज्वारी-मक्याला बाधतात, हेही लक्षात ठेवावे लागते.

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. इथला गहू बहुधा सोयाबीन, मका किंवा कांद्याच्या आगेमागे येतो; त्यात चाकवत, हराळी, लव्हाळा यांचा उपद्रव अधिक आणि मंडूसीचा तुलनेने कमी. उत्तरेकडून आलेले बियाणे आणि गावोगाव फिरणारी कापणी-मळणी यंत्रे यांतून तिचे दाणे येऊ शकतात, म्हणून प्रमाणित बियाणे घेणे, निदान घरचे बियाणे चाळून पेरणे आणि यंत्र शेतात शिरण्यापूर्वी झाडून घेणे एवढी दक्षता पुरेशी ठरते.

ऑस्ट्रेलियात रायगवताचे बी कापणी यंत्रातच भुश्याबरोबर पकडून चिरडण्याची पद्धत रूढ झाली आहे. मंडूसीवर ती फारशी चालत नाही, कारण गहू पिकण्याआधीच तिचे बरेचसे बी जमिनीवर गळून पडते. औषधातून वाचलेली झाडे फेब्रुवारीच्या अखेरीस, ओंबी हिरवी असतानाच, हाताने उपटून शेताबाहेर नेण्याचा सल्ला म्हणूनच दिला जातो. तुरळक प्रादुर्भावात हे काम एका माणसाला एकरभर शेतात दिवसभरात उरकता येते आणि ते उपटलेले गवत जनावरे खातात.