गर्दी तुरुंगांची, प्रश्न जामिनाचा

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार भारतातील तुरुंगांची क्षमता सुमारे ४ लाख ३६ हजार बंद्यांची असताना त्यांत प्रत्यक्षात ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती, आणि त्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अद्याप लागलेला नाही असे आरोपी होते. त्यामुळे गर्दी कमी करणे म्हणजे शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना मोकळे सोडणे, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही.

आरोपी पळून जाईल, साक्षीदारांवर दडपण आणील किंवा पुन्हा गुन्हा करील, या शक्यता कोठडीचा आधार मानल्या जातात. परंतु जामीन मंजूर होऊनही ठरलेली रक्कम किंवा जामीनदार मिळत नाही म्हणून जो आत राहतो, त्याच्या बाबतीत कसोटी धोक्याची उरत नाही, ऐपतीची होते. १९७९ साली हुसेनआरा खातून प्रकरणात बिहारमधील असे कैदी सर्वोच्च न्यायालयापुढे आले, की ज्यांनी कमाल शिक्षेहूनही अधिक काळ निकालाविना तुरुंगात काढला होता; जलद खटला हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, तर इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढल्यावर त्यांच्या सुटकेचा मार्ग खुला होतो, आणि तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकलेली आहे. फाशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित प्रकरणे असलेले आरोपी या सवलतीतून वगळलेले असल्याने सार्वजनिक सुरक्षिततेची काळजी कायद्यातच घेतलेली दिसते. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आर्थिक मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. तिच्या जोडीला जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतःच लिहून दिलेली हमी, आणि पोलीस ठाण्यातील ठराविक हजेरी हे पर्यायही उपलब्ध आहेत.

शिक्षा झालेल्यांसाठी महाराष्ट्राजवळ जुना अनुभव आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ उभारलेल्या स्वतंत्रपूर येथील खुल्या वसाहतीत निवडक कैदी शेती करीत राहू लागले, आणि 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावर बेतला. अशी निवड काटेकोर ठेवली, तर तुरुंगातील मर्यादित जागा आणि अपुरे कर्मचारी खरोखर धोकादायक असलेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी वापरता येतात. म्हणून गर्दी घटवणे हे सुरक्षिततेच्या विरोधात जात नाही, उलट तिला बळ देते.