तारांचे जाळे : बळ आणि मर्यादा

दूरच्या माणसाशी क्षणार्धात बोलता येणे आज आपल्याला इतके सहज वाटते, की तो आवाज कोणत्या वाटेने येतो याचा विचार आपण क्वचितच करतो. ही वाट दोन प्रकारची असते : तारेची आणि बिनतारी. भारतात तारेच्या वाटेचा आरंभ १८५० साली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्यामधील प्रायोगिक तारमार्गाने झाला. पुढे दूरध्वनीच्या तांब्याच्या तारा आल्या. आता काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंमधून प्रकाशाच्या रूपाने संदेश धावतात. सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. संदेशवहनातील तारेचे महत्त्व मात्र उणावले नाही.

तारेचे बळ कशात आहे, हे अंदमान बेटांच्या उदाहरणावरून समजते. पूर्वी ही बेटे मुख्य भूमीशी प्रामुख्याने उपग्रहाद्वारे जोडलेली होती. संदेश सुमारे ३६,००० किलोमीटर उंच जाऊन खाली येई. त्यात जवळजवळ पाव सेकंद खर्च होई. शिवाय उपग्रहाची वहनक्षमता मर्यादित असे. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईपासून निघणारी सुमारे २३०० किलोमीटर लांबीची सागरी केबल कार्यान्वित झाली. प्रकाशतंतूमुळे विलंब अत्यल्प झाला आणि एका वेळी कितीतरी अधिक माहिती वाहून नेणे शक्य झाले. बेटावर राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा दूरच्या वैद्याचा सल्ला घेणाऱ्या रुग्णाला हा फरक मोलाचा आहे. तारेतील संदेशाला पावसाचा किंवा इतर लहरींचा उपद्रवही सहसा होत नाही.

तथापि तार जेथे पोहोचते तेथेच ती उपयोगी पडते. ती टाकण्यासाठी रस्ते खोदावे लागतात, डोंगर-नद्या ओलांडाव्या लागतात. त्यामुळे विरळ वस्तीच्या प्रदेशात खर्च फार येतो. भूस्खलन, महापूर किंवा रस्त्याचे खोदकाम यांमुळे ती तुटते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबल तुटल्या आणि हजारो किलोमीटर दूर असलेल्या भारतातील इंटरनेट सेवा विस्कळीत झाली. तुटलेले टोक शोधून, जहाजावर ओढून जोडावे लागते; यात अनेक दिवस जातात.

म्हणून तार श्रेष्ठ की बिनतारी, हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्या हातातील मोबाइल बिनतारी असला, तरी त्याचा संदेश मनोऱ्यापासून पुढे बहुतांश प्रवास तारेतूनच करतो. दोन्ही वाटा परस्परांना पूरक आहेत. शहाणपण एवढेच, की कोणत्याही प्रदेशाचे संपर्कजीवन एकाच तारेवर टांगून ठेवू नये.