विक्रमांच्या तळटीपा : मोजलेले 113, न मोजलेले 116

मागच्या भागात आपण न्यूयॉर्कचं 1951 चं प्रकरण पाहिलं. सट्टेवाल्यांकडून पाकिटं घेऊन कॉलेजची पोरं बहुतेक वेळा सामना हरत नव्हती, ठरलेल्यापेक्षा कमी फरकाने जिंकत होती. सिटी कॉलेज, लाँग आयलंड, ब्रॅडली, केंटकी अशी मोठमोठी नावं त्यात सापडली. केंटकीला तर 1952-53 चा अख्खा हंगाम घरी बसावं लागलं. क्रीडा-पानांवर कॉलेज बास्केटबॉल म्हणजे पोलीस, वकील आणि कबुलीजबाब, असं झालेलं असताना जानेवारी 1953 मध्ये ओहायोच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांतून एक आकडा आला. एका पोराने एका सामन्यात 116 गुण केले होते.

पोराचं नाव क्लॅरेन्स फ्रान्सिस, पण सगळे ‘बीवो’ म्हणत. दारूबंदीच्या काळात बीवो नावाचं एक बिनदारूचं पेय मिळायचं. वडिलांना ते फार आवडे, म्हणून नाव आधी त्यांना चिकटलं आणि मग मुलाकडे आलं. जन्म 1932 चा, पूर्व ओहायोतल्या कष्टकरी घरातला. लहानपणी रक्त कमी असल्याच्या आजारपणात शाळेची दोन वर्षं बुडाली, त्यामुळे कॉलेजात आला तेव्हा तो विशीत होता, लग्न झालेला आणि एका मुलाचा बाप. उंची सहा फूट नऊ इंच.

कॉलेज होतं रायो ग्रँड. ते टेक्सासच्या नदीकाठी नाही, ओहायोतच. शंभराच्या आत विद्यार्थी आणि तिजोरीत खडखडाट, अशी त्या वेळची अवस्था. तिथे बास्केटबॉलचा प्रशिक्षक म्हणून न्यूट ऑलिव्हर आला, तो स्वतः याच कॉलेजचा जुना खेळाडू. वेल्सव्हिलच्या हायस्कुलात त्याने बीवोला खेळवलं होतं, आणि येताना त्याला बरोबर घेऊन आला. बीवोचे शाळेचे काही विषय राहिले होते. ते त्याने कॉलेज करता करता पुरे केले. ऑलिव्हरकडे जाहिरातवाल्याचं डोकं होतं. एकटा खेळाडू अचाट गुण करू लागला तर वर्तमानपत्रं येतील, पाठोपाठ प्रेक्षक येतील आणि तिकिटांच्या पैशांतून कॉलेज तगेल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

116 चा आवाका कळायला तेव्हाचे नियम डोळ्यांपुढे हवेत. सामना चाळीस मिनिटांचा. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषा कॉलेजच्या खेळात सर्वत्र यायला 1986 उजाडावं लागलं. तेव्हा कुठूनही टाका, गुण दोनच. ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असं सांगणारं घड्याळही नव्हतं. पुढे असलेला संघ खुशाल चेंडू फिरवत वेळ काढू शके. अख्खा संघ मिळून साठ-सत्तर गुण करी आणि तेवढ्यात सामने जिंकले जात. बीवोने अ‍ॅशलंड ज्युनिअर कॉलेजविरुद्ध 47 बास्केट आणि 22 फ्री थ्रो मारले, त्यांतले 55 गुण शेवटच्या दहा मिनिटांतले. सामना सुटला 150-85 वर. सोबत्यांनी चेंडू त्याच्याकडेच द्यायचा, हे ठरलेलंच होतं, आणि त्यात कुणी लपवाछपवीही केली नाही.

मात्र तो नुसता टोपलीखाली उभा राहून चेंडू आत ढकलणारा उंच माणूस नव्हता. त्या काळच्या उंच सेंटरांकडून तेवढंच अपेक्षित असे. बीवो टोपलीकडे पाठ करून चेंडू घेई, वळे आणि पंधरा-वीस फुटांवरून उडी मारून अलगद हाताने टाकी. एवढ्या उंचीच्या माणसाने अशी लांबून नेमबाजी करणं तेव्हा दुर्मीळ होतं. मला वाटतं, आकड्यांच्या गदारोळात त्याची ही बाजू जवळजवळ विसरली गेली.

रायो ग्रँडने त्या हंगामात 39 सामने खेळले आणि 39 जिंकले. बीवोचे गुण 1,954, म्हणजे सामन्यामागे 50.1. लहानशा व्यायामशाळेत न मावणारी गर्दी होऊ लागली, सामने मोठ्या गावांत हलवावे लागले, कॉलेजच्या हाती पैसा खेळू लागला. इथपर्यंत ऑलिव्हरचा हिशेब तंतोतंत जुळला.

मग प्रश्न निघाला की समोर होतं कोण? कुस्तीच्या फडात आधी जोड बघतात, तसा. यादी काढली तर त्यात दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं होती, व्यवसाय शिकवणाऱ्या संस्था होत्या, सैनिकी तळाचा संघ होता. एनसीएए, म्हणजे अमेरिकी कॉलेज-खेळांचा कारभार पाहणारी संस्था, हिने 1953 मध्ये ठरवलं की चार वर्षांची पदवी देणाऱ्या कॉलेजांविरुद्धचेच सामने विक्रमासाठी धरायचे. 39 पैकी 27 सामने एका फटक्यात बाद झाले. त्यांत 116 वालाही गेला. उरले 12 सामने आणि सरासरी 48.3.

गंमत पाहा, तरीही सरासरी फक्त दोनेक गुणांनी उतरली. दुबळ्या जोडीमुळेच आकडा फुगला होता असं मानणाऱ्यांना या 48.3 चं उत्तर देता आलं असतं असं मला वाटत नाही. नियम मुळात चुकीचा नव्हता. विक्रमवही ठेवायची तर कुंपण कुठेतरी घालावंच लागतं. पण सामने खेळून झाल्यावर कुंपण घालायचं आणि आधीची वर्षभराची कमाई त्याच्या बाहेर काढायची, यात रायो ग्रँडला डिवचल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही. सट्टेबाजीच्या प्रकरणाने हादरलेल्या कारभाऱ्यांना त्या सुमारास प्रत्येक झगमगत्या गोष्टीचा संशय येत होता, हेही विसरून चालत नाही.

ऑलिव्हरने वाद घालण्याऐवजी मोठ्या संघांना आव्हान दिलं. 1953-54 मध्ये हे चिमुकलं कॉलेज बॅगा उचलून देशभर फिरलं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, म्हणजे ज्या वास्तूभोवती तो सगळा घोटाळा घडला होता तिथेच, बीवो पहिल्यांदा त्या शहरासमोर उभा राहिला. अ‍ॅडेल्फीने त्या रात्री त्यांना हरवलं. मग फिलाडेल्फियात व्हिलानोव्हाविरुद्ध जादा वेळेत एका गुणाने हार. पण बॉस्टनमध्ये प्रॉव्हिडन्सला हरवलं, मायामीला हरवलं, वेक फॉरेस्टला हरवलं. वेक फॉरेस्टसारख्या संघाला शंभर विद्यार्थ्यांचं कॉलेज हरवतं, ही बातमी 116 पेक्षा मोठी होती, निदान माझ्या लेखी. दोन-तीन माणसांच्या गराड्यातही बीवोची सरासरी 46.5 राहिली.

आणि 2 फेब्रुवारी 1954 ला ओहायोतल्या जॅक्सन गावी मिशिगनचं हिल्सडेल समोर आलं. चार वर्षांचं, पदवी देणारं, कुणालाही बोट ठेवता येणार नाही असं कॉलेज. बीवोने 38 बास्केट आणि 37 फ्री थ्रो मारले. बेरीज 113. सामना 134-91. यातले 37 फ्री थ्रो बघण्यासारखे आहेत. प्रतिस्पर्ध्याने त्याला धरून, ढकलून, आडवं येऊन थांबवायचा जिवापाड प्रयत्न केला, आणि त्या प्रत्येक फाउलची किंमत त्याने रेषेवर उभं राहून वसूल केली. या वेळी कुणालाही काही खोडता आलं नाही.

पण अकराच दिवसांनी, 13 फेब्रुवारीला, साउथ कॅरोलायनात फर्मनच्या फ्रँक सेल्व्हीने न्यूबेरीविरुद्ध 100 गुण केले. फर्मन मोठ्या कॉलेजांच्या गटात मोडत असल्याने सेल्व्हीचं नाव पहिल्या वर्गाच्या यादीत अग्रभागी गेलं, आणि बीवोचे 113 लहान कॉलेजांच्या पानावर. यातली खोच अशी की न्यूबेरी स्वतः लहान कॉलेजच होतं. जोडीचा न्याय सगळीकडे सारखा लावायचा तर सेल्व्हीलाही तो लागायला हवा होता. एनसीएएने पुढे त्यावर तोडगा काढला. पहिल्या वर्गातल्या संघाविरुद्ध केलेल्या सर्वाधिक गुणांची वेगळी नोंद ठेवली, आणि त्या ओळीत 1991 पासून केव्हिन ब्रॅडशॉचे 72 आहेत. शंभर आणि बहात्तर, दोन्ही एकाच वर्गाचे विक्रम. शंकेखोर वाचकाने विक्रमवही मुळापासून वाचावी ती यासाठी.

बीवोचं कॉलेज मात्र त्याच वसंतात सुटलं. हंगामभर गाडीत आणि हॉटेलांत राहिलेला, वर्गातून मागे पडलेला हा मुलगा फार काळ टिकेल अशी चिन्हं नव्हतीच. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या करमणुकीच्या बास्केटबॉल संघाच्या एब सॅपरस्टीनने त्याला बॉस्टन व्हर्लविंड्समध्ये घेतलं. हा संघ ग्लोबट्रॉटर्सच्या समोर गावोगाव खेळे. दोन वर्षं त्याने हे केलं. 1956 मध्ये एनबीएच्या फिलाडेल्फिया वॉरिअर्सने निवड केली, पण देऊ केलेला पैसा आणि प्रवासाचा कंटाळा, दोन्ही बघून त्याने नकार दिला. त्या काळी एनबीएचा पगार आजच्यासारखा डोळे फिरवणारा नव्हता. बायको-मुलं असलेल्या माणसाला पोलाद कारखान्याची नोकरी जास्त भरवशाची वाटावी, यात वेडेपणा नव्हता. पेनसिल्व्हेनियातल्या मिडलंडच्या क्रूसिबल स्टीलमध्ये त्याने पुढची बरीच वर्षं काढली, आणि 1982 मध्ये तो कारखानाच बंद पडला. भरवशाचं गणित पुढे असं फिरलं.

नोव्हेंबर 2012 मध्ये आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजच्या जॅक टेलरने 138 गुण करून 113 मागे टाकले. त्याने 108 वेळा चेंडू टाकला, त्यातले 71 तीन गुणांच्या रेषेबाहेरून, आणि या 71 पैकी 27 आत गेले. समोरचं कॉलेज होतं फेथ बॅप्टिस्ट बायबल. जोडीचा वाद लगेच पुन्हा उठला, अगदी त्याच शब्दांत. बीवो तेव्हा ऐंशीचा होता. 2015 मध्ये तो गेला. टेलर तिसऱ्या वर्गाचा खेळाडू असल्याने दुसऱ्या वर्गाच्या यादीत, जिथे आता बीवोची नोंद धरली जाते, 113 अजून पहिल्याच क्रमांकावर आहेत.

पुढच्या आठवड्यात ग्लोबट्रॉटर्ससमोर हरण्यासाठीच बांधलेल्या संघांविषयी, आणि चुकून जिंकण्याची वेळ आली की काय होत असे त्याविषयी.