घरची फायरवॉल: आधी पॅकेट मोजा, मग यंत्र घ्या

इंटरनेट कंपनीने भिंतीवर लावून दिलेला तुमचा राउटर शेवटचा कधी अपडेट झाला होता? बहुतेकांना हे सांगता येत नाही. मे २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलोस गटाने ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा मालवेअर उघडकीला आणला, तेव्हा किमान ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं त्याने धरलेली होती. त्यात मुख्यतः घरातले आणि छोट्या ऑफिसांतले राउटर होते. पीएफसेन्स, ओपीएनसेन्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी यांपैकी एखादं मुक्त सॉफ्टवेअर घेऊन राउटर स्वतःच बांधावा असं वाटण्यामागचं सगळ्यात सबळ कारण हेच आहे. खोका बनवणारी कंपनी विसरली तरी अपडेट येत राहतात. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डोकं लागतं ते खोका निवडताना.

दुकानदार विचारतो, ‘किती एमबीपीएसचं कनेक्शन आहे?’ प्रश्न अर्धवट आहे. राउटरला मेगाबिट कळत नाहीत, पॅकेट कळतात. टोलनाका डोळ्यांसमोर आणा. गाडी छोटी असो वा मोठी, पावती फाडायला वेळ तेवढाच लागतो. फायरवॉलही पॅकेटचं शीर्ष वाचते, ते कुठल्या चालू जोडणीतलं आहे ते तक्त्यात शोधते, पत्ता बदलते आणि पुढे सोडते. आत १४०० बाइट आहेत की ४०, याने या कामात फारसा फरक पडत नाही.

आता आकडे बघू. इथरनेटचं पूर्ण भरलेलं पॅकेट तारेवर १५३८ बाइट जागा घेतं. त्या हिशेबाने १ गिगाबिटला सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेट येतात, म्हणजे प्रत्येकाला १२ मायक्रोसेकंद मिळतात. ऐसपैस वेळ आहे. पण सगळ्यात लहान पॅकेट तारेवर फक्त ८४ बाइटचं असतं. तीच तार अशा पॅकेटांनी भरली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार पॅकेट! प्रत्येकाला ६७२ नॅनोसेकंद. प्रोसेसरला मुख्य मेमरीतून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सहा-सात वेळा मेमरीकडे धाव घेतली की वेळ संपला. व्हिडिओ बघताना मोठी पॅकेट येतात. गेम, व्हिडिओ कॉल आणि टॉरेंट यांत लहान पॅकेट बरीच असतात. म्हणून ‘स्पीड टेस्टला पूर्ण वेग येतो’ एवढ्यावरून यंत्र पुरेसं आहे असं ठरत नाही.

मग दांडगा प्रोसेसर घ्यायचा का? इथे दोन शोधनिबंध आठवतात. १९९६ मध्ये मोगल आणि रामकृष्णन यांनी ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ नावाचा प्रकार मांडला. प्रत्येक पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं, त्याला म्हणतात इंटरप्ट. पॅकेट फार झाली की प्रोसेसर नुसत्या हाकांना ओ देत बसतो आणि एकही पॅकेट पुढे जात नाही. दुसरा निबंध पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझो यांचा, २०१२ चा, नेटमॅपवरचा. ९०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एकाच कोअरने त्यांनी १० गिगाबिटची तार सगळ्यात लहान पॅकेटांनी पूर्ण भरून दाखवली, म्हणजे सेकंदाला १ कोटी ४८ लाख पॅकेट. युक्ती अशी की बफर आधीच राखून ठेवायचे, पॅकेट घाऊक उचलायची आणि मधल्या नकला टाळायच्या. तिथे फायरवॉलचं काम नव्हतं हे खरं, पण मुद्दा लक्षात राहतो: वेळ खातो तो बराचसा कार्डापासून प्रोग्रामपर्यंतचा रस्ता. तो रस्ता कसा असेल हे नेटवर्क कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर ठरवतात. म्हणून माझं मत असं की खोका निवडताना आधी कार्ड बघावं, प्रोसेसर नंतर.

पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स हे दोन्ही फ्रीबीएसडीवर उभे आहेत, आणि तिथे इंटेलची कार्डं सरळ चालतात. रिअलटेकच्या कार्डांबद्दल फ्रीबीएसडीवर तक्रारी फार असतात. वेगळा ड्रायव्हर टाकून पुष्कळदा भागतं, पण विकत घेताना ती कटकट कशाला ओढवून घ्यायची? ओपनडब्ल्यूआरटी लिनक्सवर आहे, तिथे रिअलटेकची एवढी धास्ती नको. सेकंड हँड इंटेल कार्ड मात्र जपून घ्या. जुन्या आय३५० कार्डाच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात.

आपल्याकडे एक गोष्ट खास बघावी लागते, ती पीपीपीओई. अनेक फायबर कंपन्या युजरनेम-पासवर्ड देतात, ते याचंच लक्षण. आजची कार्डं येणारी पॅकेट आयपी पत्ते बघून वेगवेगळ्या रांगांत वाटतात आणि प्रत्येक रांग वेगळा कोअर सांभाळतो. पीपीपीओईत आयपीच्या आधी आणखी ८ बाइट असतात, त्यामुळे कार्डाला पत्ते ओळखता येत नाहीत आणि सगळी पॅकेट एकाच रांगेत पडतात. चार कोअरांपैकी एक घामाघूम, बाकीचे तीन बसून! पीसी एंजिन्सचा एपीयू२ हा कधी काळी सगळ्यांचा लाडका खोका. चार कोअर, पण प्रत्येक १ गिगाहर्ट्झचा. तो फ्रीबीएसडीवर गिगाबिट पीपीपीओईला हात टेकायचा, ते यामुळेच. २०२५ च्या पीएफसेन्स २.८ मध्ये पीपीपीओईसाठी नवा ड्रायव्हर आला आणि हे दुखणं बरंच कमी झालं. तरी तुमची जोडणी अशी असेल, तर कोअर किती आहेत यापेक्षा एक कोअर किती वेगवान आहे ते विचारा.

सध्या सगळे ज्याची शिफारस करतात तो इंटेल एन१०० चा पंखा नसलेला मिनी पीसी, चार आय२२६-व्ही पोर्टवाला. शिफारस रास्त आहे. घरगुती गिगाबिटसाठी तो पुरून उरतो. पण १०० एमबीपीएसचं कनेक्शन असेल आणि हवी असेल फक्त फायरवॉल, तर एवढा खर्च कशाला? २०२४ च्या अखेरीस आलेला ओपनडब्ल्यूआरटी वनसारखा छोटा खोकाही ते काम आरामात करतो.

व्हीपीएनचं गणित निराळं. एईएस वापरणाऱ्या व्हीपीएनला प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय असणं फार उपयोगाचं. वायरगार्ड चाचा२० वापरतो, त्याला त्याची गरज नाही. रास्पबेरी पाय ४ मध्ये एईएससाठी वेगळी सोय नाही, तरी त्यावर वायरगार्ड छान पळतो, तो म्हणूनच. (ओपीएनसेन्स मात्र पायवर बसत नाही, ओपनडब्ल्यूआरटीच टाकावं लागेल.) सुरिकाटासारखं प्रत्येक पॅकेटच्या पोटात शिरून तपासणारं साधन लावणार असाल, तर वरचे सगळे हिशेब विसरा. त्याला दमदार कोअर लागतात, निदान ८ जीबी रॅम लागते, आणि ओपीएनसेन्समध्ये ते नेटमॅपवर चालतं, म्हणजे पुन्हा ड्रायव्हर चांगला हवा. नुसत्या फायरवॉलला रॅम फारच कमी लागते. एका चालू जोडणीला साधारण १ केबी, म्हणजे एक लाख जोडण्यांना १०० एमबी.

‘माळ्यावर जुना डेस्कटॉप पडलाय, तोच लावतो’ असं म्हणत असाल तर शिकायला जरूर लावा. कायमचा लावण्याआधी बिल बघा. ५० वॉट वर्षभर म्हणजे ४३८ युनिट, १० वॉट म्हणजे ८८. युनिट १० रुपयांचं धरलं तर वर्षाला साडेतीन हजारांचा फरक, काही वर्षांत मिनी पीसीचे पैसे वसूल. शिवाय १२ व्होल्टवर चालणारा खोका राउटरच्या छोट्या यूपीएसवर बसू शकतो, फक्त त्याला किती अँपिअर लागतात ते आधी बघून घ्या. जिथे वीज येते-जाते तिथे इन्स्टॉल करताना झेडएफएस निवडा, अचानक बंद पडण्याला ती फाइल सिस्टीम बरी तोंड देते.

वायफायचं काम या खोक्यावर टाकू नका. फ्रीबीएसडीला ते नीट जमत नाही. जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा, आणि कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या.

एक शंका मात्र रास्त आहे. सुरक्षेसाठी घेतलेल्या अनोळखी ब्रँडच्या खोक्यातला बायोस कोणी लिहिला? आधीच टाकून दिलेलं सॉफ्टवेअर पुसणं हे पहिलं काम, पण त्याने बायोस बदलत नाही. हे खटकत असेल तर कोअरबूट देणाऱ्या प्रोटेक्टलीसारख्या कंपनीचा खोका बघा, महाग पडतो. नाहीतर लेनोव्होचा एम७२०क्यू रिफर्बिश्ड घेऊन त्यात इंटेल कार्ड बसवा. मी दुसऱ्या पर्यायाकडे झुकते, कारण त्याचे बायोस अपडेट थेट लेनोव्होच्या साइटवर मिळतात.

खोका आला की परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. आयपर्फ३ राउटरवरच चालवू नका, मग तो पॅकेट पुढे ढकलण्याऐवजी स्वतः तयार करत बसतो. एक लॅपटॉप वॅनच्या बाजूला, एक लॅनच्या बाजूला, आणि मधून यूडीपीची लहान पॅकेट सोडा. त्याच वेळी राउटरवर टॉप उघडून प्रत्येक कोअर वेगळा बघा. एकच कोअर शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे निवांत असं दिसलं, तर आधी ड्रायव्हर आणि रांगांची सेटिंग तपासा.