पुढचं कॅरिअर घेताय? आधी चिमटा बघा

जालन्याहून लोणार-मेहकरकडे निघालेला सायकलवाला अजूनही जुन्याच रस्त्यानं येतो: सिंदखेड राजा, दुसरबीड, बिबी. समृद्धी महामार्ग सिंदखेड राजा तालुक्यातूनच गेला, पण त्यावर सायकलला प्रवेश नाही. पंढरपूरहून शेगावला परतणारी गजानन महाराजांची पालखीही याच वाटेनं जाते. त्यामुळे दुसरबीडला रस्त्याकडेला चहा घेत बसलं, की लांब पल्ल्याच्या सायकली आपोआप नजरेखालून जातात. मला सवयच लागली आहे, आधी सायकल बघायची आणि माणूस नंतर. बहुतेकांचं सगळं बिऱ्हाड मागच्या चाकावर असतं. तंबू, कपडे, स्टोव्ह, पाणी, सगळं मागे. पुढे फार तर हँडलला अडकवलेली एक पिशवी.

पुढं काही का नाही, असं विचारलं की जे उत्तर मिळतं, तेच मला कित्येक वर्षांपूर्वी आमच्या मिस्त्रीनं दिलं होतं. ‘पुढं वझं टाकू नको भाऊ, हँडल हातात राहत नसते.’

‘पुढे वजन टाकलं की सायकल सांभाळत नाही’

हा गैरसमज निम्मा खरा आहे, म्हणूनच तो टिकून आहे. मिस्त्रीनं पाहिलेलं पुढचं वजन म्हणजे हँडलला लटकवलेल्या पिशव्या किंवा जाळीची बास्केट. ते वजन उंचावर असतं, हँडलच्या कण्यापासून पुढे असतं आणि वर झुलतही असतं. तसं वजन त्रास देणारच. पण तेच वजन चाकाच्या दोन्ही बाजूंना, एक्सलच्या उंचीवर, घट्ट बसवलं तर वागणूक पार बदलते. हँडल जड लागतं, हे खरं. पहिला एक किलोमीटर आपण दुसऱ्याची सायकल चालवतोय असं वाटतं. मग हात सरावतात, आणि खड्डा चुकवताना सायकल उलट जास्त शांत वाटते.

खरा धोका सगळं मागे टाकण्यात आहे. आपण नुसते सीटवर बसलो तरी निम्म्याहून बराच जास्त भार मागच्या चाकावर असतो. त्यात मागच्या पिशव्यांना टाच लागू नये म्हणून आपण त्या आणखी मागे सरकवतो. त्यांचं वजन एक्सलच्याही मागे गेलं, की पुढचं चाक हलकं होतं. चढावर हँडल इकडेतिकडे भरकटतं. उतारावर काय होतं ते मी राजूर घाटात शिकलो. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरत होतो, मागे सोळा किलो, पुढे शून्य. एका वळणानंतर हँडल थरथरायला लागलं, आधी बारीक, मग मनगटं हलतील एवढं. घाबरून हँडल आवळलं तर थरथर आणखी वाढली. शेवटी दोन्ही गुडघे वरच्या दांड्याला दाबून धरले, हळूहळू ब्रेक लावला आणि सायकल शांत झाली. गुडघ्याची ही युक्ती लक्षात ठेवावी, पण तिची गरज पडू नये म्हणून वजन वाटून घ्यावं. सामान दहा किलो असेल तर चार पुढे, सहा मागे, अशी सुरुवात करावी आणि मग आपल्या सायकलला काय मानवतं ते बघावं.

मागच्या चाकाच्या तारा तुटण्याचं कारणही हेच. गिअरच्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या सैल, अशी त्या चाकाची मुळातच एकांगी रचना असते. त्यावर सगळा संसार लादला की दर दोन दिवसांनी रिमचा आउट काढत बसावं लागतं.

‘कॅरिअर चांगल्या कंपनीचं घेतलं की झालं’

इथं बहुतेकांचे पैसे वाया जातात. पुढचं कॅरिअर दुकानात निवडायचं नसतं. आपल्या सायकलच्या चिमट्यानं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कनं, ते आधीच निवडलेलं असतं. उकिडवं बसून चिमटा नीट बघा. खाली एक्सलजवळ बोल्टसाठी भोक आहे का? पायाच्या मधोमध आहे का? आरपार आहे की फक्त बाहेरून? वर, जिथं दोन्ही पाय जुळतात, तिथं आहे का? भोकं बहुधा ५ एमएम बोल्टची असतात. खाली आणि मध्ये दोन्हीकडे भोकं असतील तर लो-रायडर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली पिशव्या धरणारं कॅरिअर, सरळ बसतं. मधली नसतील तर चिमट्याच्या पायाला वेढणारी क्लॅम्प लागते. पण चिमटा कार्बनचा असेल आणि कंपनीनं वजनाची परवानगी दिलेली नसेल, तर क्लॅम्पचा विचारही करू नये.

स्प्रिंगच्या चिमट्याला ‘कॅरिअर बसतच नाही’ असं ठाम सांगणारे भेटतात. बसतं, पण एक टोक वरच्या न हलणाऱ्या भागाला आणि दुसरं खालच्या हलणाऱ्या नळीला, असं नाही. पहिल्याच गतिरोधकावर त्यातलं काहीतरी तुटेल. पूर्णपणे खालच्या भागावर किंवा एक्सलवर उभं राहणारं कॅरिअर मिळतं, तेच घ्यावं. त्यात सामान चाकाबरोबर उड्या मारतं, तेव्हा अंडी मागे ठेवा.

डिस्क ब्रेक असेल तर डाव्या पायाला ब्रेकचा कॅलिपर आडवा येतो आणि कॅरिअर बाहेर सरकवावं लागतं. यावर बाजारातला उपाय असा: लांब बोल्ट घ्यायचा आणि मध्ये वायसरची चळत घालायची. माझ्या सायकलला एका दुकानात असे सात वायसर घातले होते. बिबीच्या अलीकडे पुढून टिक-टिक ऐकू यायला लागलं. उतरून बघतो तर कॅरिअरची दांडी कॅलिपरला घासतेय. बोल्ट काढला आणि तळहातावर ठेवला तर तो धनुष्यासारखा वाकलेला. बोल्ट ओढ सोसायला केलेला असतो. भिंतीतल्या खुंटीसारखं त्याला दोन सेंटिमीटर बाहेर काढून वर ओझं टांगलं, तर तो वाकणारच. नंतर वर्कशॉपमध्ये जाड नळीचा एकसंध तुकडा कापून घेतला, दोन्ही तोंडं घासून सपाट केली, आणि डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट लावला. तो अजून सरळ आहे.

या बाबतीत कंजुषी का नको, तेही सांगतो. मागचं कॅरिअर सुटलं तर सामान रस्त्यावर पडतं. पुढच्याची वरची पकड सुटली तर ते एक्सलभोवती फिरून टायरवर किंवा तारांत येतं, चाक जागच्या जागी अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून नायलॉक नट, आणि रोज सकाळी निघण्याआधी चारही बोल्टना एकदा पाना.

‘गावठी वेल्डिंगचं कॅरिअर म्हणजे लोखंडाचा धोंडा’

हिशेब करून बघू. ८ एमएमची सळई मीटरला साधारण ४०० ग्रॅम भरते. लो-रायडरला तीन मीटर सळई पुरते, म्हणजे सव्वा किलोच्या आत. जर्मनीच्या ट्युबस कंपनीचा ‘तारा’ हा नावाजलेला लो-रायडर पोकळ स्टीलच्या नळीचा आहे, वजन अर्धा किलोच्या आसपास आणि क्षमता १५ किलो. फरक एका मोठ्या पाण्याच्या बाटलीएवढाही नाही. दुधाच्या कॅनची कॅरिअर वर्षानुवर्षं बनवणाऱ्या माणसाला हे काम अवघड नाही. त्याला दोन गोष्टी मात्र निक्षून सांगाव्या लागतात. डावी आणि उजवी बाजू चाकावरून जाणाऱ्या कमानीनं जोडलेली हवी, नाहीतर प्रत्येक बाजू स्वतंत्र हेलकावे घेते. आणि सळई कधी मोडत नाही, मोडते ती बोल्टची पट्टी, वेल्डिंगच्या कडेला. तेव्हा पट्टी जाड आणि जोड दोन्ही अंगांनी हवा.

‘स्टील कुठल्याही गावात जोडता येतं’ हे मात्र पूर्ण खरं नाही. सळई जोडता येते. कंपनीच्या कॅरिअरची पातळ नळी साध्या रॉडच्या वेल्डिंगनं भोक पडून जळते. तिथं गॅसवर पितळ ओतणारा शोधावा. अॅल्युमिनियमचं तुटलं तर आर्गॉन वेल्डिंगवाला लागतो, आणि तो तालुक्यालाही भेटेलच असं नाही.

‘जितकं खाली तितकं चांगलं’

डांबरी रस्त्यावर, हो. पण मोठ्या चाकाच्या सायकलचा एक्सल जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटर वर असतो आणि पुढची पिशवी ३० सेंटिमीटर उंच. पिशवीचा मध्य एक्सलवर आणला की तिच्या बुडाखाली वीतभर जागा उरते. सोयाबीनच्या दिवसांत पांदणीत शिरून बघा: काळी माती टायरला, मडगार्डला आणि त्या वीतभर जागेला एकदमच भरते. ज्यांचा प्रवास शेतरस्त्यांचा आहे त्यांनी चाकाच्या वर सपाट जाळी असलेलं कॅरिअर घ्यावं आणि त्यावर हलकंच सामान ठेवावं, तंबू नाहीतर झोपायची पिशवी. पॅरिसचे वर्तमानपत्र वाटणारे जुन्या काळी पुढच्या जाळीवर गठ्ठेच्या गठ्ठे नेत, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. पण जड पुढच्या ओझ्यासाठी फ्रेंच कारागीर चिमट्याचा बाक निराळा ठेवत. आपल्या सायकलला तो बाक नाही.

‘मोठे सायकलपटू कुठं कॅरिअर लावतात?’

नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण करून आले. फोटोत त्यांची सायकल मोकळी दिसते, कारण त्या शर्यतीत सामान मागच्या गाडीत असतं. आपल्या मागे गाडी नाही.

‘कॅरिअरवर २० किलो लिहिलंय, म्हणजे २० किलो टाकता येईल’

त्या आकड्यात पिशव्यांचंही वजन धरलेलं असतं, आणि चिमटा किती सोसेल हे त्यात नसतंच. मी पुढे आठ किलोच्या वर जात नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे चार-पाच लिटर पाणी बरोबर लागतं; तेच पुढे खाली ठेवावं, दोन्हीकडे सारखं. पाणी पितानाही आळीपाळीनं प्यावं, एकदा डावीकडचं, एकदा उजवीकडचं. एका बाजूला दोन किलो जास्त झाले की हात दिवसभर सायकल सरळ धरत राहतात आणि संध्याकाळी खांदा का दुखतो ते कळत नाही. काटा नसेल तर दोन्ही पिशव्या दोन हातांत उचलून बघाव्यात, खांदे खोटं बोलत नाहीत.

एक त्रास मात्र कुणी आधी सांगत नाही. पुढे भरलेली सायकल साइड स्टँडला उभी केली, की पुढचं चाक स्वतःहून वळतं आणि सायकल आडवी होते. चहाचा ग्लास हातात असताना हमखास. जुन्या ट्यूबचं बोटभर रुंद कडं कापून हँडलवर ठेवून द्यावं. थांबलो की पुढचा ब्रेक दाबून ते त्यावर चढवायचं. चाक पुढे-मागे घरंगळत नाही, आणि सायकल भिंतीला टेकवली असेल तर तशीच राहते. परवा पुण्याकडच्या एका मुलीची सायकल टपरीसमोर दोनदा पडली. तिसऱ्यांदा मी माझं कडं काढून तिला दिलं. तिनं ते चढवलं, चहा पूर्ण प्यायली, आणि निघताना ते काढायचं विसरली. पॅडल मारलं तर सायकल हलेना.